चिंचेपलीकडची भाऊबीज

दाजींना चावलेला कुत्रा मी खुंट्यावरून सोडून दिला.

यात सारवासारव करण्यासारखे काही नाही. दोरीची गाठ मीच सोडली, कुत्र्याच्या पाठीवरून हातही मीच फिरवला, आणि तो ज्वारीत दिसेनासा झाला तेव्हा 'जा बाबा, मोकळा हो' असे पुण्यवंताच्या आवाजात म्हणणारा गृहस्थही मीच. इंदूरला परत आल्यावर मी ही हकिकत घरी सांगितली, घरच्यांनी ती शेजारी सांगितली, आणि आता शाळेचा शिपाईसुद्धा विचारतो, "मास्तर, पुढच्या दिवाळीत कुणाला सोडणार?" तेव्हा सगळे आपणच लिहून टाकलेले बरे. ऐकीव हकिकतीत माझा मूर्खपणा दिवसेंदिवस वाढत चालला आहे. आहे तेवढा पुरेसा आहे.

दिवाळीच्या सुट्टीत बऱ्याच वर्षांनी मुलखाकडे निघालो होतो. चाकणच्या अलीकडे एका वस्तीवर माझी थोरली बहीण असते. तिच्याकडे भाऊबीज करायची आणि वाटेत चिंचवडला बालमित्र दत्तूकडे मुक्काम टाकायचा, असा बेत. इंदूर ते पुणे हा प्रवास मी गाळतो. तो मी बहुतेक उभ्याने केला. तुम्ही बसून वाचावा असे त्यात काही घडले नाही.

चिंचवड

चिंचवडचे स्टेशन तेच होते, पण बाहेर पडल्यावर मी बावचळलो. आमच्या लहानपणी इथून पिंपरीकडे पाहिले तर बाभळी आणि बाजरी, बाजरी आणि बाभळी. आता तिकडे औषधाचा मोठा कारखाना उभा राहिला आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लोकांची वसाहत आहे, तिचा गजबजलेला बाजार आहे. आमचा दत्तू त्याच कारखान्यात लागला. पूर्वी सूर्य डोक्यावर आला की जेवणारा हा माणूस आता भोंगा झाला की जेवतो, आणि सुट्टीच्या दिवशी भोंगा झाला नाही तर त्याला भूकच कळत नाही, असे वहिनी सांगत होत्या.

"केवढा सुटलास राव!" दत्तूने मला स्टेशनबाहेर पाहून पहिले वाक्य टाकले. "इंदूरला जिलबी नळाला येती काय?"

त्याच्या घरात शिरताना वहिनींचा आवाज आला, "आधी पाय पुसा, मग आत या." मी निमूटपणे पाय पुसले. मग कळले, ते मला नव्हते. माझ्या मागून एक पांढरी कुत्री येत होती. तिने मात्र पाय पुसले नाहीत, आणि तिला कोणी काही म्हणाले नाही.

तिची हकिकत अशी. कारखान्याचे बांधकाम चालू असताना ती पिल्लू होती आणि एका लोखंडी नळात अडकून रडत होती. दत्तूने खांद्यापर्यंत हात घालून तिला बाहेर काढले, शर्ट फाडून घेतला, शिफ्टला उशीर झाला म्हणून बोलणी खाल्ली, आणि संध्याकाळी तिला सायकलच्या पिशवीत घालून घरी आणले. ते कळल्यावर आसपासच्या सगळ्या निराधार कुत्र्यांनी दत्तूचे घर लक्षात ठेवले असावे. मी गेलो त्या दिवशी अंगणात चार होती.

"माझ्याशी दोन शब्द बोलायचे नाहीत," वहिनी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "पण कामावरून आले की कुत्र्यांना सगळ्या कारखान्याची बातमी सांगत बसतात." हे बोलताना पहिली भाकरी त्यांनी मोडून कुत्र्यांसाठी बाजूला ठेवली. दुसरी माझ्या पानात पडली. आमच्या इंदूरला कशावरही शेव घालतात, इकडे कशातही शेंगदाण्याचे कूट. त्या वांग्याच्या भाजीपुढे मी शेवेला साफ विसरलो. इंदूरकरांनी क्षमा करावी.

जेवणानंतर दत्तूने मला कुत्र्यांविषयी व्याख्यान दिले. "एक लक्षात ठेव. कुत्रं बांधलं की बिघडलं. मोकळं सोड, माणसांत ठेव, मग ते कशाला चावेल? माणसाला तरी उन्हात खुंट्याला बांधून बघ की." हे मला इतके पटले की मी भारावून गेलो. पुढचे सगळे रामायण या भारावण्यातून झाले, पण दत्तूला मी दोष देत नाही. त्याने फक्त सांगितले होते. करायला मी होतो.

पाडव्याच्या सकाळी तो मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून नाशिक रस्त्याला, भोसरीपर्यंत सोडायला निघाला. मांडीवर वहिनींनी दिलेला फराळाचा डबा. एका चढावर मी डब्यासकट मागच्या मागे रस्त्यावर बसलो. दत्तू बोलण्यात रंगलेला. तो माझ्याशी बोलत बोलत तसाच पुढे गेला, आणि बराच वेळ उत्तर आले नाही तेव्हा त्याने वळून पाहिले. "मला वाटलं, तुला पटतंय," तो म्हणाला. डब्यातल्या करंज्यांचा चुरा झाला होता. अनारसे तेवढे शाबूत होते.

चाकणच्या अलीकडे

एस.टी.ने मोशीचा पूल ओलांडला, खाली इंद्रायणी दिसली, आणि शेजारच्या म्हातारबाईंनी देहूच्या दिशेला हात जोडले. मीही जोडले. त्या गडबडीत डबा पुन्हा पडला.

फाट्यावर उतरून वस्तीपर्यंत चालत गेलो. दोन्ही बाजूंनी माणूस बुडेल एवढी ज्वारी, मध्ये मध्ये भुईमुगाची काढणी चाललेली, ओल्या मातीचा आणि शेंगांचा वास. वस्तीवर घरे दोनच, मध्ये एक भली मोठी चिंच. दोन मुलगे होते म्हणून कोण्या पणज्याने एकसारखी दोन घरे बांधली: तीच कौले, तोच ओटा, गोठाही दोन्हीकडे डाव्या हाताला. अलीकडचे घर आक्काचे.

घरात कोणी नव्हते. गोठ्याजवळ खुंट्याला एक तांबूस कुत्रा बांधलेला, सावली सरकून गेलेली, तो उन्हात जीभ काढून बसलेला. मला पाहून त्याने शेपूट हलवले. मला दत्तूचे शब्द आठवले. पुढे काय झाले ते मी पहिल्याच वाक्यात सांगितले आहे. सोडण्यापूर्वी त्याला मी एक अनारसाही दिला, एवढीच भर.

थोड्या वेळाने आक्का डोक्यावर गवताचा भारा घेऊन आली. तोच उंच सांगाडा, तेच घाईचे चालणे. मला पाहून तिचे डोळे भरले.

"आलास का शिरपा? किती वाळलास रं!" बहिणींना भाऊ नेहमी वाळलेलाच दिसतो. मग तिची नजर खुंट्याकडे गेली. "फौजदार कुठाय?"

"कोण फौजदार?"

"कुत्रं रं! हितं बांधलं व्हतं."

"त्याला मी सोडला," मी म्हणालो. माझ्या आवाजात शाबासकीची थोडी अपेक्षाही होती. "उन्हात होता बिचारा."

आक्काने भारा होता तिथेच टाकला. "आरं देवा. त्यो तुज्या दाजींना चावलाय!"

मग ओट्यावर बसून तिने सगळे सांगितले. आक्काकडे तीन कुत्री. तिन्ही कोणी ना कोणी टाकलेली किंवा मरणाच्या दारातून आणलेली. लंगड्या मालट्रकखाली सापडलेला. म्हातारी कुत्री बाजारात कोणीतरी सोडून गेलेली. आणि हा फौजदार पडक्या विहिरीत पडला होता. दाजींनी स्वतः दोराने टोपली सोडून त्याला वर काढला. तोंडावरच्या काळ्या मिशांमुळे त्याला ही पदवी मिळाली. परवा-तेरवा त्याच्या पायात बाभळीचा काटा रुतला. दाजी तो उपसत होते. काटा निघाला, पण निघता निघता फौजदाराचे दात दाजींच्या मनगटात गेले.

चाकणच्या डॉक्टरांनी जखम धुऊन सांगितले, की दहा दिवस कुत्र्यावर नजर ठेवा. तो धडधाकट राहिला तर भ्यायचे कारण नाही. तो मेला किंवा नाहीसा झाला, तर वाट बघायची नाही. पुण्याला जायचे आणि पोटात चौदा इंजेक्शने घ्यायची.

इथे दाजींविषयी सांगायला हवे. दाजी म्हणजे तालमीतला गडी. एके काळी चाकणच्या जत्रेत त्यांच्याशी जोड लावायला माणूस मिळत नसे. पण सुई म्हटले की हा माणूस लहान मूल होतो. डॉक्टरांनी थर्मामीटर काढला तेव्हा ते बाकावरून उठून दाराकडे निघाले होते म्हणे.

आणि दुसरी गोष्ट याहून वाईट. कुत्रा चावला हे कळताच गावकरी काठ्या घेऊन आले होते. आक्का आडवी पडली. शेवटी देवळापुढे बैठक होऊन ठरले: कुत्रा दोरीला आहे तोवर आक्काचा, दोरी सुटली की दिसेल त्याने त्याला मारावा. हे सगळ्यांत मोठ्या आवाजात बोलले ते चिंचेपलीकडचे सखातात्या, दाजींचे चुलतभाऊ. त्या दोन घरांत अबोला. तो यांच्या वडिलांपासूनचा. आणि मधली चिंच कोणाची, एवढ्यावरून.

म्हणजे एका गाठीत कुत्र्याचा जीव, दाजींचे पोट आणि आक्काचा शब्द असे तिन्ही बांधलेले होते, आणि ती गाठ मी सोडली होती.

दाजी संध्याकाळी आले. मी सगळे कबूल केले. मला वाटले, आता उचलून आपटतील. ते नुसते खाली बसले.

"पाव्हना हाय. त्याला काय ठावं," ते आक्काला म्हणाले. मग त्यांनी हळूच विचारले, "सुई केवढी असती गं?"

आक्काने बोटभर दाखवली, मग त्यांचा चेहरा बघून निम्मी केली.

भाऊबीज

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने दाजींनी पुण्याला जायचे ठरले. तोवर कुत्रा सापडला तर सापडला.

"ओवाळायचं मागनं बघू. आधी कुत्रं," आक्काने सकाळीच वाटण्या केल्या. दाजी रस्त्याकडे, ती मळ्यात, मी ओढ्याकडे. "आनि त्या चिंचंपल्याड पाऊल टाकू नकोस. तात्याला ह्यातलं काय कळलं, की त्यो काठी घिऊन सुटंल."

ओढ्याच्या काठी भुईमुगाच्या वेलांच्या ढिगाआड मला तो दिसला. तांबूस अंग, काळे तोंड. हाडे वर आलेली. एका रात्रीत बिचारा किती खंगला, असे मला वाटले. माझे उपरणे गळ्यात बांधून घेताना तो चू की चा करीना. फौजदाराचा स्वभाव इतका निवळलेला पाहून मला त्याचे कौतुकही वाटले. विजयी मुद्रेने मी ज्वारीतून जवळची वाट धरली.

ज्वारीत शिरलेल्या माणसाला दिशा नसते, फक्त पाने असतात. ती तोंडावर घेत बराच वेळ चाललो आणि एकदाचा मागच्या अंगणात निघालो. तीच कौले, तोच ओटा, डाव्या हाताला गोठा. आणि गोठ्यातल्या खुंट्याला फौजदार! खरा, मिशांचा. मला पाहून तो उड्या मारू लागला. अनारशाची ओळख.

एक फौजदार खुंट्याला, एक माझ्या हातात. शहाण्या माणसाने इथे थांबून विचार केला असता. मी ओट्यावर बसलो, वहाणा काढल्या आणि ओरडलो, "आक्का, दोन मिळाले गं! चहा टाक!"

आतून काठी बाहेर आली, आणि तिच्या मागून एक मिशाळ गृहस्थ.

"कोन पायजे?"

"आक्का."

"कुनाची आक्का?"

मी डोके वळवून पाहिले. चिंच भलत्याच बाजूला होती.

"मी सखाराम," ते म्हणाले. "तुमच्या आक्काचं घर त्ये तकडं."

मला पळता आले असते. पण वहाणा काढलेल्या होत्या आणि एक कुत्रा हाताला बांधलेला होता. मी म्हणालो, "तात्या, ह्याला मारू नका. दोरी त्याने तोडली नाही. मी सोडली."

तात्या काठी टेकून माझ्यासमोर खाली बसले. "मारायलाच निघालो व्हतो काल. खोटं कशापायी बोलू? काठी उगारली तर ह्यो आला आनि माज्या जोड्यावर डोकं ठिवून झोपला. आता झोपल्याल्याला कुनी मारतं का?"

"मग कळवायचे होते. तिकडे दाजी पुण्याला निघालेत, पोटात सुया घ्यायला."

"कुन्या तोंडानं कळवू? आमी बोलत न्हाई. सोडला तर गाव मारनार. ठिवला तर तुमी म्हननार, चोरला. कालधरनं वाट बगतोय, कुनीतरी इचारायला यील. सारं शिवार धुंडाळलंत, माज्या दाराला तेवढं कुनी आलं न्हाई."

तेवढ्यात दारातून बाईंचा आवाज आला, "कोन आलंय हो?"

"पल्याडच्या वहिनीचा भाऊ."

"भाऊ?"

त्या शेवंताबाई, तात्यांची बायको. क्षणभर उंबऱ्यात उभ्या राहिल्या, आत गेल्या, आणि आल्या त्या पाट आणि निरांजनाचे ताट घेऊन. तात्यांनी खाली मान घातली. शेवंताबाईंचा पाठचा भाऊ गेल्यापासून त्या घरात भाऊबीज झाली नव्हती, हे मला मागाहून कळले. त्या एवढेच म्हणाल्या, "आजच्या दिशी दारात आल्याला भाऊ. तसाच धाडू व्हय?"

अबोल्याच्या घरात बसावे की नाही, आक्का काय म्हणेल, हे प्रश्न मनात आले. पण शेवंताबाईंचा पाट मांडूनही झाला होता. मी पाटावर बसलो. त्यांनी कुंकू लावले, ओवाळले. मी ओवाळणी टाकायला खिशात हात घातला. खिसा रिकामा. एस.टी.चे फाटके तिकीट तेवढे निघाले. मी इकडेतिकडे पाहिले आणि उपरण्याचे टोक त्यांच्या हातात दिले.

"हा घ्या, ताई. आत्ता एवढेच आहे."

त्यांनी वाकून पाहिले. "हा न्हवं, ही हाय. तुमी काय हिला फौजदार म्हनून आनली?" आणि पदर तोंडाला लावून त्या अशा हसल्या, की तात्यांच्या मिशासुद्धा हलल्या. ती ओढ्याकाठची उपाशी कुत्री तोवर त्यांच्या पायाशी बसलीही होती.

तात्यांनी फौजदाराची दोरी माझ्या हातात दिली. ते चिंचेपर्यंत आले आणि तिथेच थांबले.

पलीकडे दाजी परीटघडीचा सदरा घालून पिशवीसह ओट्यावर बसले होते. चेहरा बळीच्या बोकडाचा. फौजदाराला पाहून ते उठले, बसले, पुन्हा उठले. आक्काने कुत्र्याला कवटाळले, मग तिचे लक्ष माझ्या कपाळाकडे गेले.

"तुला कुनी ओवाळलं रं?"

"शेवंताताईंनी. चुकून त्यांच्या घरात गेलो." आणि रागावायला तिला उसंत मिळू नये म्हणून मी भराभर पुढे गेलो, "आता ती माझी बहीण. म्हणजे तुझीही. म्हणजे तात्या माझे दाजी. आणि दाजी, तुम्ही आणि तात्या साडू."

आक्काने कपाळाला हात लावला. दाजी चिंचेकडे पाहत राहिले. तात्या तिथेच उभे.

"साडू म्हंजे बोलावं लागतंय," दाजी म्हणाले, जणू त्यांच्यावर काही लादले गेले आहे. ते चालत गेले.

"तात्या."

"बोला."

"कुत्र्यानं खाल्लं का?"

"दोन डाव. भाकरी खाल्ली."

"आन पानी?"

"पितंय की. घटाघटा."

पाणी पितोय हे ऐकून दाजींनी जो श्वास सोडला, तो मला ओट्यापर्यंत ऐकू आला. तात्यांनी त्यांचे मनगट हातात घेऊन जखम पाहिली. पुण्याची गाडी फाट्यावरून आली आणि गेली. तिकडे कोणाचेच लक्ष नव्हते.

निरोप

डॉक्टरांचे दिवस भरेपर्यंत मी तिथेच राहिलो. गाठ कोणीतरी राखायला हवी होती, आणि ती मी राखू नये याविषयी दोन्ही घरांचे एकमत होते. त्यामुळे मला खाण्यावाचून काम उरले नाही. सकाळी आक्काकडे उकडलेल्या शेंगा, दुपारी शेवंताताईंकडे बाजरीची भाकरी आणि झणझणीत आमटी. आमच्याकडच्या गोडसर जेवणाला सोकावलेली माझी जीभ पहिल्या दिवशी भाजली, तिसऱ्या दिवशी सरावली. एका घरी कमी जेवलो की दुसऱ्या घरी चौकशी होई. ओढ्याकाठच्या कुत्रीचे नाव शेवंताताईंनी दिवाळी ठेवले. तिची हाडे झाकत चालली.

शेवटच्या दिवशी दाजींनी स्वतः फौजदाराची दोरी सोडली. तो खडखडीत होता. सरळ चिंचेपलीकडे गेला आणि दिवाळीशेजारी जाऊन आडवा झाला. दाजींनी आपल्या पोटावरून हात फिरवला.

माझ्या वाट्याला या प्रवासात रागाचा एक शब्दही आला नाही. दत्तूने रस्त्यावर पडलेल्या मला उचलले, दाजींनी भीतीने गारठलेले असताना मला पाठीशी घातले, आणि ज्या दारात जाऊ नको म्हणून बजावले होते त्या दारात एक बहीण मिळाली. इतके चांगले मी काही केलेले नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून नुसते ऋणी राहतो.

निघताना तात्यांनीच बैलगाडी जुंपली. दाजी शेजारी बसले. दोघे सबंध वाटेत बैलांविषयी बोलत होते. फाटा जवळ आला तसे तात्या मागे वळले.

"पाव्हनं, इंदुरात साळंत शिकिवता म्हनं तुमी. काय शिकिवता?"

"भूगोल," मी म्हणालो.

तात्यांनी बैल थांबवले. माझ्याकडे पाहिले, मागे चिंचेकडे पाहिले, पुन्हा माझ्याकडे पाहिले.

"मंग इंदुरातली पोरं काय सांजच्याला घरी जात नसतील."